‘जॉश, तू गप्प का?’: ‘ड्रेक अँड जॉश’च्या चाहत्यांचं प्रकरण

मार्च २०२४ मध्ये अमेरिकन अभिनेता जॉश पेक याच्या टिकटॉक व्हिडिओंखाली कमेंट्सचा नुसता पाऊस पडत होता. व्हिडिओ कशावरही असो, खाली मागणी एकच: बोल. तुझ्या भावावर एवढा प्रसंग गुदरला आणि तू गप्प कसा बसलास?

भाऊ म्हणजे ड्रेक बेल. निकलोडियन वाहिनीवरच्या ‘ड्रेक अँड जॉश’ या विनोदी मालिकेत हे दोघं सावत्र भाऊ होते, एवढंच त्यांचं नातं. मालिका संपून साडेसोळा वर्षं झाली होती. दोघं पस्तिशी ओलांडून गेलेले, दोघंही बाप झालेले. पण चाहत्यांच्या मनात ते अजून एकाच खोलीत राहत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते आणि धाकट्या बहिणीच्या हातून रोज फजीत होत होते.

ड्रेकवर किशोरवयात लैंगिक अत्याचार झाला होता, हे त्या महिन्यात उघड झालं होतं. त्या गुन्ह्याचा निकाल न्यायालयात २००४ मध्येच लागला आहे, तो खटला मी पुन्हा चालवणार नाही. लहानपणी जीव लावलेल्या मालिकेमागचं असं काही उघड झालं की चाहते काय करतात आणि त्यांची नजर कुठे वळते, हे इथे फार स्पष्ट दिसतं. इथे ती नजर जवळजवळ प्रत्येक वेळी पडद्याकडे वळली. घडलं होतं ते पडद्याबाहेर.

काय घडलं होतं

ड्रेक आणि जॉश दोघंही १९८६ सालचे. ‘द अमांडा शो’ या मुलांच्या विनोदी कार्यक्रमात ते एकत्र आले. जोडी जमतेय असं दिसल्यावर निर्माता डॅन श्नायडरने त्यांच्यासाठी स्वतंत्र मालिका लिहिली. ती जानेवारी २००४ ते सप्टेंबर २००७ या काळात चार सीझन चालली. ड्रेक गिटार वाजवणारा, मुलींचा लाडका, अभ्यासात ढ. जॉश सरळमार्गी, घाबरट, सगळं नीट करायला जाऊन घोळ घालणारा. मेगन ही धाकटी बहीण दोघांची पुरती वाट लावणारी. शीर्षकगीत ड्रेकनेच गायलेलं. सुशीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याचा वेग वाढत जातो आणि दोघं हातघाईला येतात, तो प्रसंग आजही मीम म्हणून फिरतो.

‘द अमांडा शो’च्या सेटवर ब्रायन पेक नावाचा संवाद प्रशिक्षक होता. (जॉश पेकशी त्याचं काहीही नातं नाही. आडनाव एक असल्यामुळे घोटाळा होतो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.) वय चाळिशीच्या घरातलं, स्वभाव गोड, सेटवर सगळ्यांशी सख्य. मुलांकडून संवाद पाठ करून घेणं हे त्याचं काम. ड्रेकचं सगळं काम तेव्हा त्याचे वडील बघत. हा माणूस आपल्या मुलाभोवती फार घोटाळतो, फार हात लावतो, हे त्यांच्या डोळ्यांत आलं आणि त्यांनी ते सेटवर बोलूनही दाखवलं. कुणी मनावर घेतलं नाही. पुढे बापलेकांत अंतर पडलं, वडील कामातून बाजूला झाले आणि ऑडिशनसाठी ने-आण करायला, वेळ पडली तर मुलाला घरी ठेवून घ्यायला ब्रायन पेक तयारच होता. अत्याचार झाला तेव्हा ड्रेक पंधरा वर्षांचा होता.

पोलिसांकडे गेल्यावर ड्रेकने त्यांच्या सांगण्यावरून ब्रायन पेकला फोन केला, संभाषण ध्वनिमुद्रित होत होतं आणि त्यात ब्रायन पेकने कबुली दिली. ऑगस्ट २००३ मध्ये अटक झाली. २००४ मध्ये त्याने दोन आरोपांना आव्हान दिलं नाही आणि त्याला १६ महिन्यांची शिक्षा झाली. पीडित अल्पवयीन असल्यामुळे कागदपत्रांत त्याचं खरं नाव आलं नाही. ही माहिती २००४ पासून सार्वजनिक होती. कुठल्या मुलावर हे गुदरलं, एवढंच लोकांना ठाऊक नव्हतं.

‘ड्रेक अँड जॉश’चा पहिला सीझन त्याच २००४ साली लागला. तारखा शेजारी ठेवून पाहिल्या की चाहत्याच्या पोटात खड्डा पडतो तो इथे.

मार्च २०२४ मध्ये ‘क्वाएट ऑन सेट’ ही माहितीपट-मालिका प्रसारित झाली आणि तिच्यात ड्रेक बेलने स्वतः सांगितलं, तो मुलगा मी.

जाब कुणाला विचारायचा

माहितीपट बघून चाहते हादरले, रडले, ड्रेकला धीर देणारे हजारो संदेश त्यांनी लिहिले. यात वावगं काही नाही. पण दुःखाबरोबर राग येतो आणि रागाला पत्ता लागतो. ब्रायन पेक कुठे सापडणार नव्हता. वाहिनी म्हणजे एक निवेदन आणि एक बोधचिन्ह. हाताशी होता तो जॉश: उघडं खातं, रोजचे व्हिडिओ, ओळखीचा चेहरा. आणि तो बोलत नव्हता.

टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं एकतर्फी मैत्रीचं नातं तयार होतं, हे निरीक्षण डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं आणि त्यानंतर ते इतकं वापरलं गेलंय की त्याची धार गेली आहे. इथे त्याचा एक वेगळा प्रकार दिसतो. चाहत्यांचं नातं ड्रेकशी होतं, जॉशशी होतं, पण त्याहून घट्ट ते त्या दोघांच्या आपसातल्या नात्याशी होतं. घरी भांडणं चाललेली असताना, शाळेत कुणी मित्र नसताना, शेजारच्या पलंगावर आपल्या बाजूचा एक माणूस असणं म्हणजे काय ते या मालिकेने दाखवलं होतं. जॉशची चुप्पी त्यांना लागली ती म्हणून.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. २०१७ मध्ये जॉशच्या लग्नाचं बोलावणं ड्रेकला आलं नाही, ड्रेकने ट्विटरवर जाहीर नाराजी दाखवली आणि चाहते दोन गटांत विभागले. काही आठवड्यांनी एका पुरस्कार सोहळ्यात दोघं हसत भेटले तेव्हा घरातला तंटा मिटल्यासारखा आनंद साजरा झाला. पडद्यावरच्या भावांनी पडद्याबाहेरही भाऊ राहावं, ही अपेक्षा तेव्हापासून मुरलेली होती. २०२४ मध्ये तिला नैतिक धार आली, इतकंच.

मग एक गोष्ट घडली आणि ती या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोलकी वाटते. ड्रेक बेलने स्वतः एक छोटा व्हिडिओ टाकला. जॉशच्या व्हिडिओंखालच्या कमेंट्स मी पाहतोय, असं म्हणून त्याने सांगितलं की हा काळ फार अवघड आहे, सगळंच लोकांसमोर मांडलं जात नाही, जॉशने माझ्याशी संपर्क केला आहे, तो मला मदत करतोय, तेव्हा त्याच्यावर जरा सबुरीने घ्या. त्यानंतर थोड्याच अवधीत जॉशनेही निवेदन दिलं: माहितीपट पाहिला, पचवायला काही दिवस लागले, ड्रेकशी खासगीत बोललो, मुलांचं रक्षण झालंच पाहिजे.

म्हणजे काय झालं बघा. वीस वर्षांनी जाहीरपणे तोंड उघडलेल्या माणसाला, त्याच आठवड्यात, आपल्या पाठीराख्यांना आवरायचं काम करावं लागलं. त्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनीच त्याच्या डोक्यावर एक ओझं वाढवलं. यात कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण आधार दिला की नाही याचा पुरावा आपल्यासमोर मांडला जावा, हा हट्ट पीडिताच्या कामाचा नव्हता, चाहत्यांच्या सोयीचा होता. एक मित्र दुसऱ्याला फोन करतो, ते आपल्याला दिसत नाही, म्हणून झालंच नाही असं आपण धरून चालतो.

जुन्या भागांचं उत्खनन

दुसरी लाट क्लिप्सची. ‘ड्रेक अँड जॉश’, ‘झोई १०१’, ‘आयकार्ली’, ‘व्हिक्टोरियस’ या सगळ्या मालिकांतले प्रसंग कापून, वेग कमी करून, भोवती लाल वर्तुळं काढून फिरू लागले. या विनोदाचा अर्थ आता कळला. तो कॅमेरा तिथे का थांबला. ड्रेकच्या डोळ्यांत बघा, तेव्हाही दिसत होतं.

यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या. काही विनोद खरोखरच मुलांच्या तोंडी घालण्यासारखे नव्हते. डॅन श्नायडरने मार्च २०२४ च्या आपल्या व्हिडिओत आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली आणि असे विनोद भागांतून काढून टाकावेत असंही म्हटलं. प्रौढ लेखकांनी मुलांकडून काय करून घेतलं, हा रास्त प्रश्न आहे आणि त्यासाठी जुने भाग तपासायलाच हवेत.

पण ड्रेकवरचा अत्याचार त्या फ्रेममध्ये नाही. तो भिंगातून शोधून सापडणार नाही. कॅलिफोर्नियात बालकलाकारांसाठी बरेच नियम आहेत. सेटवर शिक्षक असावा लागतो, सोळा वर्षांखालच्या मुलाचे आईवडील किंवा पालक त्याला पाहू किंवा ऐकू शकतील इतक्या अंतरावर असावे लागतात. हे नियम सेटपुरते. चित्रीकरण आटोपल्यावर मूल कुणाच्या गाडीत बसतं, दुसऱ्या दिवशी ऑडिशन आहे म्हणून कुणाच्या घरी झोपतं, हे त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. नेमकं तिथेच घडलं. सेटवरच्या ओळखीचा त्यात वाटा मोठा होता: सगळ्यांचा आवडता, वर्षानुवर्षं मुलांबरोबर काम केलेला माणूस, मग त्याच्या घरी मूल राहिलं तर काय बिघडलं?

ड्रेकच्या डोळ्यांत ‘तेव्हाही दिसत होतं’ हे तर मला सपशेल अमान्य आहे. सुशीच्या पट्ट्यासमोरचा तो मुलगा विनोदाचं टायमिंग अचूक साधतोय. ते त्याचं कसब आहे. कोवळ्या वयात हे सगळं झेलून तो रोज सेटवर जाऊन उत्तम काम करत होता, हे आता कळल्यावर त्या कामाचा मान वाढायला हवा. उलट प्रत्येक हसण्यात वेदना शोधून आपण त्याच्याकडून तेही काढून घेतो.

क्लिप्स शोधणाऱ्यांना मी हसणार नाही मात्र. लहानपणी आपण इतके तास हे बघितलं आणि आपल्याला काहीच कळलं नाही, ही भावना असह्य असते. कुठेतरी खूण होती, ती आता तरी सापडली, असं वाटलं की जीव थोडा खाली पडतो. पण बघणाऱ्या पोराला कळण्याजोगं काही तिथे नव्हतंच. ज्यांना कळायला हवं होतं ती माणसं कॅमेऱ्यामागे होती आणि त्यातल्या एकाने, खुद्द ड्रेकच्या वडिलांनी, सांगितलंही होतं.

एकच खलनायक

तिसरी लाट डॅन श्नायडरवर. या सगळ्या मालिकांचा कर्ता तो, वाहिनीने २०१८ मध्ये त्याच्याशी असलेलं नातं संपवलेलं, सेटवरच्या त्याच्या वागण्याबद्दल तक्रारी झालेल्या, माहितीपटातही माजी सहकाऱ्यांनी त्याच्याबद्दल खूप कडू सांगितलेलं. बऱ्याच चाहत्यांच्या डोक्यात मग एक सरळ रेघ ओढली गेली: जे जे झालं ते श्नायडरने केलं किंवा करू दिलं.

ड्रेक बेलचं म्हणणं या रेघेत बसत नाही. त्या काळात वाहिनीच्या बाजूने आपल्याला आधार देणाऱ्या मोजक्या लोकांत डॅन होता, असं त्याने सांगितलं आहे. श्नायडरने स्वतःवरचे लैंगिक गैरवर्तनाचे संशय फेटाळले आणि मे २०२४ मध्ये माहितीपटाच्या कर्त्यांवर बदनामीचा दावा लावला. ड्रेकला आधार दिला म्हणून हाताखालच्या माणसांशी वाईट वागल्याच्या तक्रारी पुसल्या जात नाहीत. त्या तक्रारी खऱ्या म्हणून ड्रेकचा अनुभवही खोटा ठरत नाही. पण एका कमेंटच्या लांबीत दोन्ही मावत नाहीत, तेव्हा चाहत्यांनी सोयीचं ते ठेवलं आणि ड्रेकचं वाक्य गाळलं. ज्याच्यावर विश्वास ठेवा म्हणून सगळे ओरडत होते, त्याचंच.

एका खलनायकावर सगळं ढकललं की सुटतात ती बाकीची माणसं. ब्रायन पेकच्या शिक्षेच्या सुनावणीआधी त्याच्या बाजूने न्यायाधीशांना एकूण ४१ पत्रं गेली होती. माहितीपटाच्या दिग्दर्शिकांच्या खटपटीमुळे ती मोहोरबंद कागदपत्रं उघडली गेली. लिहिणाऱ्यांत नावाजलेले कलाकार, निर्माते, सहकारी होते. ड्रेकने त्या दिवसाचं वर्णन केलंय: न्यायालयात ब्रायन पेकच्या बाजूची बाकं भरलेली आणि आपल्या बाजूला घरची मोजकी माणसं. एक किशोरवयीन मुलगा आत येतो आणि समोरच्या बाजूला बसलेल्यांत त्याला इंडस्ट्रीतले ओळखीचे चेहरे दिसतात.

पत्र लिहिणाऱ्यांपैकी दोघांनी, ‘बॉय मीट्स वर्ल्ड’ या मालिकेतल्या रायडर स्ट्राँग आणि विल फ्रिडल यांनी, माहितीपट येण्याआधीच फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या पॉडकास्टवर याबद्दल तपशीलवार सांगितलं. ब्रायन पेकने त्यांना जी कहाणी ऐकवली त्यात बिचारा तोच होता, आणि त्यांनी ती खरी मानली. चाहत्यांनी या भागाकडेही दोषींची यादी म्हणूनच पाहिलं: कोणी पत्र लिहिलं, कोणी माफी मागितली, कोणी नाही. मला त्या यादीपेक्षा पत्रांतला माणूस जास्त महत्त्वाचा वाटतो. कष्टाळू, मदतीला धावणारा, मुलांत रमणारा. मुलाला ज्याच्या हवाली केलं गेलं तो हाच माणूस होता आणि अटकेनंतरही मोठ्या माणसांना तोच दिसत राहिला. सुटून आल्यावर त्याला मुलांच्या एका दुसऱ्या मालिकेत आवाज देण्याचं काम मिळालं, ते आभाळातून पडलं नाही.

बघायचं की नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला गेला आणि याच्यावर मला सगळ्यात कमी बोलायचंय. ‘माझं बालपण नासलं’ असं म्हणणाऱ्यांची पुष्कळ टिंगल झाली: नासलं त्याचं, तुझं काय? ती टिंगल मला कोती वाटते. एखाद्या पोराने वाईट दिवसांत या मालिकेचा आसरा घेतला असेल तर तो आसरा खराच होता, आणि त्याखालची जमीन सरकल्यावर त्याला हेलपाटल्यासारखं होणारच. त्याने ते कुठे बोलायचं एवढाच प्रश्न. ड्रेकच्या व्हिडिओखाली नाही. मित्राशी, भावंडाशी, जे शेजारी बसून बघायचे त्यांच्याशी खुशाल बोलावं.

भाग पुन्हा लावले तर पीडिताचा अपमान होतो का? ड्रेकची तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. आपल्याला धक्का बसला आणि दुःख झालं, असं निवेदन निकलोडियनने काढल्यावर त्याने ते पोकळ असल्याचं म्हटलं. वाहिनी आमच्या मालिका दाखवून आजही पैसे कमावते आणि उपचारांचं आमचं आम्हालाच बघावं लागतं, असा त्याचा सूर होता. हिशेब वाहिनीकडे मागितलेला आहे. जॉशच्या खात्यावर जाऊन पडलेल्या कमेंट्सपैकी काही या मागणीसाठी वाहिनीच्या दारात पडल्या असत्या तर ड्रेकच्या काही उपयोगी आल्या असत्या.

जे कुठल्याच गोष्टीत बसलं नाही

ड्रेक बेलचं नाव न्यायालयाच्या कागदांत आणखी एकदा आलेलं आहे, आणि तेव्हा तो आरोपी होता. जून २०२१ मध्ये ओहायोतल्या न्यायालयात त्याने दोन गुन्हे कबूल केले: मुलाला धोक्यात घालण्याचा प्रयत्न आणि अल्पवयीन व्यक्तीला हानिकारक मजकूर पाठवणं. जुलैमध्ये त्याला दोन वर्षांची प्रोबेशन आणि २०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा झाली. हे प्रकरण २०१७ च्या एका कार्यक्रमाशी जोडलेलं होतं आणि मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती.

मार्च २०२४ नंतर चाहत्यांनी हे कसं हाताळलं ते पाहण्यासारखं आहे. एका गटाने ते साफ बाजूला ठेवलं, आता हा विषय काढणं म्हणजे पीडितावर चिखलफेक. दुसऱ्या गटाने तेच हत्यार केलं, याच्याबद्दल कसली सहानुभूती. तिसरा गट सर्वांत मोठा असावा असं मला वाटतं, त्याने कारण आणि परिणाम जोडून टाकले: त्याच्यावर तसं झालं म्हणून तो असा वागला. हे ऐकायला समजूतदार वाटतं, पण ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले त्या सगळ्यांवर त्यातून एक आरोप होतो, आणि त्यातले बहुतेक जण कधीही कुणाला इजा करत नाहीत.

खुद्द ड्रेकने माहितीपटात २००१ च्या आसपासची हकिगत विस्ताराने सांगितली. २०२१ च्या खटल्याला तिथे बरीच कमी जागा मिळाली आणि त्यावर टीकाही झाली. ती टीका योग्य होती. दोन्ही घटना एकाच माणसाच्या आहेत, दोन्हींचे न्यायालयीन कागद आहेत, आणि एक मान्य करायला दुसरी नाकारावी लागत नाही.

त्या मुलीने शिक्षेच्या दिवशी न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं होतं. आपण ड्रेक बेलची जबरदस्त चाहती होतो, असं तिने तिथे सांगितलं. २०२४ च्या वसंतात चाहत्यांच्या दुःखाबद्दल जेवढं लिहिलं-बोललं गेलं, त्यात ही एक चाहती मोजली गेल्याचं मला क्वचितच दिसलं.